केस वाढेपर्यंत

आमच्या गावात वीज येण्याची वाट गिरणीवाल्या आप्पांइतकी कुणीच पाहत नसे. आणि ती आल्यावरही चालती गिरणी मध्येच बंद करणारे तेच एकटे होते. शाळा भरायची वेळ झाली की आप्पा खटका खाली ओढायचे. पट्टा फटफट करत थांबायचा. दारात दळणाचे डबे रांगेने मांडलेले असायचे, बायका कडेला टेकलेल्या असायच्या, वीज पुन्हा कधी जाईल त्याचा नेम नसायचा. पण आप्पा आधी बाहेरच्या पिंपापाशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे आणि हाक मारायचे, "लीलू, फणी आण."

मग लीलू पालथ्या डब्यावर बसायची आणि तिच्या दोन वेण्या व्हायच्या.

लीलू म्हणजे शिवलीला, आप्पांची एकुलती एक मुलगी आणि माझी वर्गमैत्रीण. आमचं घर गिरणीला लागूनच होतं. लीलूची आई ती चालायला लागायच्या आधीच गेली. तेव्हापासून आप्पांचं घर आणि गिरणी असं वेगळं काही राहिलंच नाही. गिरणीत त्यांनी तुळईला झोळी बांधली होती. त्या खडखडाटात लीलू गाढ झोपायची. वीज गेली, गिरणी थांबली की ती दचकून उठायची आणि भोंगा पसरायची. माझी आजी अजून सांगते, "आमाला दिवा बघावा लागत नव्हता. पोर रडली की समजायचं, लाईट गेली."

आप्पांच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या कायम पांढऱ्या. लहानपणी मला ते फार म्हातारे वाटायचे. एकदा कपिलधारच्या यात्रेत ते नवा शर्ट घालून समोर आले, तर काळ्या मिशांमुळे मी त्यांना ओळखलंच नाही. पण इतकं पीठ अंगावर वागवणारा हा माणूस लीलूच्या केसांत पिठाचा कण पडू देत नसे. पहिलीत असताना केसांतल्या पिठावरून मुलं तिला 'म्हातारी' म्हणून चिडवायची. तेव्हापासून ते पिंप आणि तो साबण बाहेर आला.

वेणी घालायला ते सुतळीवर शिकले. पोती शिवायच्या सुतळीचे तीन पदर खिळ्याला बांधून गिऱ्हाईक नसताना गुंफत बसायचे. सुरुवातीला वेण्या इतक्या घट्ट व्हायच्या की लीलूचे डोळे ताणले जायचे. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या चाचींनी एक दिवस न राहवून सांगितलं, "बोरा सी रै क्या आप्पा? बच्ची के बालां हैं. हल्लू करो जरा." आप्पा हल्लू करायला शिकले.

रांगेतले पुरुष थट्टा करायचे. "आप्पा, गिरणी टाकली का पार्लर?" आप्पा मान वर न करता म्हणायचे, "बसा तुमी बी. भांग पाडून देतो." कुणी फारच घाई केली तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दळण थांबतंय. शाळेची घंटा न्हाई थांबत."

हे सगळं सुरळीत चाललं होतं असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. आप्पांची ओढाताण व्हायची. आम्ही चौथीत असताना श्रावणात लीलूला ताप आला आणि तो उतरेना. आप्पा दिवसा गिरणी आणि रात्री तिच्या उशाशी. तिला बघायला अंबाजोगाईहून तिचे मामा आले. त्यांचं तिकडे कापडाचं दुकान होतं. ते माणूस वाईट नव्हते. झोळीचा दोर अजून तुळईला लोंबत होता, त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "दाजी, गिरणीत लेकरू वाढतंय का? माझ्याकडं द्या. माझ्या दोघांत तिसरी."

आप्पा आत जाऊन लीलूच्या कपाळावरची पट्टी बदलून आले. पण त्याच आठवड्यातल्या सोमवारी त्यांच्या हातून एक चूक झाली.

आमच्याकडे श्रावण सोमवारी पहिलं दळण उपासाचं असतं. आदल्या दिवशी आप्पा गिरणीचे दगड उघडून, घासून ठेवायचे, म्हणजे भगरीच्या पिठात ज्वारीचा अंशही जाऊ नये. पहिला डबा नेहमी देवळामागच्या काकूंचा. त्यांचे सोमवार इतके कडक की गाव त्यांना सोमवारच्या काकूच म्हणायचं. त्या आठवड्यात दगड साफ करायचे राहून गेले. भगर दळली गेली, काकू डबा घेऊन गेल्या आणि दुपारी आप्पांना आठवलं. ते तसेच, पिठाने माखलेले, देवळामागे पळत गेले. काकूंच्या ताटातलं थालीपीठ अर्धं संपलं होतं. आप्पा बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं. पण ते दारातूनच म्हणाले, "काकू, खाऊ नका. ज्वारी गेलीय त्याच्यात."

काकू त्यांच्यामागोमाग गिरणीपर्यंत आल्या. मामा तिथेच खुर्चीवर बसलेले. "लग्न झाल्यापासून एक सोमवार मोडला नव्हता रे माझा! ध्यान कुठं असतं तुझं? जमत नसंल तर कावून करतो धंदा?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "खरं हाय काकू. दोन्ही न्हाई जमत मला."

हे ते काकूंना म्हणाले, पण ऐकलं मामांनी. पोळा झाला आणि मामा लीलूला घेऊन गेले. काकूंना कळलं तेव्हा त्या लगबगीने आल्या, पण गाडी निघून गेली होती. "अरे, मी दळणासाठी बोलले होते. पोरीसाठी न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. आप्पांनी त्यांचा डबा रांगेत सर्वात पुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी वीज होती, रांग मोठी होती. शाळेची वेळ झाली आणि गिरणी थांबली. आप्पांनी हात धुतले, पुसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आमच्या ओट्यावर आई माझ्या वेण्या घालत होती. एक झाली होती. आईने ती झालेली वेणी सोडली आणि मला म्हणाली, "जा. आप्पांकडून घालून घे."

मी जाऊन पालथ्या डब्यावर बसले. आप्पांनी विचारलं, "आईला येळ न्हाई का?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या दिवसापासून ते मला थोरली म्हणू लागले. मी लीलूपेक्षा तीन महिन्यांनी लहान आहे, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. दसऱ्यानंतर आई-बाबा उसाच्या तोडीला गेले. आजीची बोटं आखडलेली. मग तर मला दुसरं कुणी नव्हतंच. रोज वेणी घालताना आप्पा मला एकच विचारायचे, "धाकलीच्या शाळेत बी आता घंटा झाली असंल, न्हाई?"

दिवाळीला लीलू आली, ती डोक्याला रुमाल बांधून. गिरणी चालू होती, सणाची दळणं पडली होती. तिला बघताच आप्पांनी खटका ओढला, हात धुतले आणि स्वतःच फणी घेऊन आले. लीलूने रुमाल सोडला. केस कानापर्यंत कापलेले होते.

"मामी म्हणली, सकाळी गडबड असती," ती हळूच म्हणाली.

मामींचं तरी काय चुकलं? तीन लेकरांचे डबे, दप्तरं, शिवाय दुकान. पण आप्पा फणी धरून नुसते उभे राहिले. रांगेत नेहमी थट्टा करणारे आपापल्या डब्यांकडे बघू लागले. मग आप्पांनी तिला डब्यावर बसवलं आणि ते आखूड केस विंचरत राहिले. विंचरण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ विंचरत राहिले.

सुट्टी संपली तसे मामा न्यायला आले. मी आजीचं दळण घेऊन तिथेच होते.

"दाजी, बॅग भरली का लीलूची?"

"केस वाढू द्या, मामा."

"म्हंजे?"

"वेणी बसंल एवढे वाढू द्या. मग न्या."

मामा हसले. मग आप्पा हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. "आन् गिरणी? परत कुणाचा उपास मोडला तर?"

रांगेतून सोमवारच्या काकू म्हणाल्या, "मोडला तर माझा मोडंल. तुमी चहा घ्या."

मामांनी चहा घेतला. लीलू राहिली. श्रावणात दर रविवारी संध्याकाळी काकू स्वतः येऊन गिरणीच्या दारात बसू लागल्या आणि आप्पांनी दगड घासले की नाही ते बघू लागल्या. रागवायच्या तशाच, पण जाताना लीलूचा अभ्यास घेऊन जायच्या. रोज सकाळी आता पालथे डबे दोन असत.

मामा दर दिवाळीला येत आणि दारातूनच विचारत, "काय दाजी, वाढले का केस?" आप्पा लीलूकडे बघून म्हणत, "अजून कुठं?" पुढे लीलूची वेणी कमरेखाली गेली, बसताना ती बाजूला घ्यावी लागे, तरी आप्पांचं आपलं "अजून कुठं?" चालूच होतं. मामाही ते तेवढ्याच गंभीरपणे ऐकून घेत.

गेल्या वर्षी आम्हा दोघींना छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही. मला अजूनही वर्गात हात वर करायला भीती वाटते. निघायच्या दिवशी आम्हाला सोडायला मामा स्वतःची गाडी घेऊन आले होते. वीज होती. आप्पांनी गिरणी बंद केली, हात धुतले.

"आप्पा, कॉलेजात दोन वेण्या कुणी घालत न्हाई," लीलू म्हणाली.

"एकेक घालतो."

आधी त्यांनी माझी घातली. "थोरले, हिला एकटं सोडू नको," एवढंच म्हणाले. मग लीलूची. त्या वेणीला फार वेळ लागला. केस लांब होते म्हणून असेल. मामा गाडीपाशी उभे होते. त्यांनी या वेळी काही विचारलं नाही. आप्पांनी शेवटचा पेड घातला, टोकाला रबर लावलं आणि वेणी लीलूच्या खांद्यावरून पुढे सोडली.

"मामा," ते म्हणाले, "वाढले केस. न्या आता."

गाडी तेलगावच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघी काच खाली करून ऐकत होतो. वीज होती, दारात डब्यांची रांग होती. तरी गिरणी सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.