इब्राहिमचाचांचा कोरियन वर्ग

इब्राहिमचाचांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडायला मीच गेले होते. सौदीतल्या जुबैलमध्ये मी मराठीचा वर्ग घेत असे. माझी मुलगी सई तेव्हा नववीत होती आणि तिने त्याच वर्गाला येणं सोडलं होतं. घरी ती माझ्याशी एका शब्दात, इंग्रजीत बोले. पुढे तेही थांबलं. शुक्रवारी मात्र चाचांच्या घरी कोरियन गाण्यांवर नाचायला जाई. तिकडे न्यायची तिची गाण्यांची वही उचलून मी तिथे गेले.

"चाचा, तुम्ही मुलींना नादी लावता."

"लावतो. कुठल्या तरी नादाला लागणारच, बाई. यात घाम तरी निघतो. बसा, चाय घ्या."

चाचा मूळचे दापोलीकडचे. जुबैल बांधलं जात होतं तेव्हा ते एका कोरियन कंत्राटदाराकडे फिटर म्हणून आले. सुट्टीच्या दिवशी कॅम्पात कोरियन कामगार गात, आणि चाचा शेजारी बसून शब्द देवनागरीत उतरवून घेत. त्या गाण्यांची कुळकथा त्यांनी तिथेच ऐकली. कोरियन युद्धानंतर तिथले वादक अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत पोटासाठी परकी गाणी वाजवत. त्यातून त्यांचं स्वतःचं नवं गाणं घडलं. पुढचं चाचा नातींकडून शिकले: नव्वदच्या दशकातले नाचणारे संच, मुलांना वर्षानुवर्षं गाणं, नाच, परभाषा शिकवून तयार करणाऱ्या कंपन्या, मग इंटरनेट. आज रियाधमध्ये सौदी मुलीही ती गाणी तोंडपाठ म्हणतात.

"दुसऱ्याच्या सुरावर पोट भरलं, मग आपलं गाणं केलं," चाचा मुलींना सांगतात. "त्यात लाज कसली? आपण पण कॅम्पातलेच."

त्या दिवशी चहा पुढे ठेवून त्यांनी विचारलं, "वही उघडलीत?"

उघडली नव्हती. त्यांचा नियम मला ठाऊक नव्हता: गाणं देवनागरीत लिहायचं, आणि ते का आवडलं ते खाली मराठीत. त्याशिवाय नाच नाही. मी तिथेच वही उघडली. सईने लिहिलं होतं, 'हे गाणं एकताना कोणी माझ्या चूका काढत नाही.'

त्या एका ओळीत दोन चुका होत्या. मी त्या तिला आजवर दाखवलेल्या नाहीत.

चाचा एवढंच म्हणाले, "घरी जाऊन रागावू नका. तिला काय आवडतं ते विचारा, आणि मग गप्प बसा." गप्प बसणं मला जमायला महिना लागला. महिन्याने सई आपणहून बोलू लागली.

यंदा चाचांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण शुक्रवार चुकत नाही. सई आता पुण्यात शिकते. रोज फोन करते, मराठीत, आणि आधी चाचांची तब्येत विचारते. तिला दर वेळी "छान आहेत" असं सांगता यावं, पुष्कळ वर्षं सांगता यावं, एवढंच माझं मागणं.