सरांचा टॅब आणि वीस अंशांची चूक

टॅबचा स्क्रीन काळा झाला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. आचरा मागे पडलं होतं. किनारा दोनेक मैलांवर होता, पण हवा इतकी धुरकट की तो नुसता एक करडा पट्टा दिसत होता. स्क्रीनवर थर्मामीटरचं छोटं चित्र आलं आणि खाली एक ओळ: तापमान जास्त आहे, थंड होऊ द्या.

"टॅब तापलो," फर्नांडिस सर म्हणाले. आजारी विद्यार्थ्याबद्दल बोलावं तसे.

फर्नांडिस सर मालवणात आम्हाला आठवी ते दहावी गणित शिकवायचे. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांनी गोव्यातून चोवीस फुटी जुनी शिडाची बोट आणली. दोन शिडं, मागे एक छोटं इंजिन. नाव ठेवलं 'प्रमेय'. लोक विचारायचे, ही कोण देवी? सर प्रत्येकाला बाजूला घेऊन समजावून सांगायचे.

मी तेरा वर्षं मर्चंट नेव्हीत नॅव्हिगेटिंग ऑफिसर होते. म्हणजे जहाज आत्ता कुठे आहे आणि पुढे कुठून न्यायचं, हे बघणारी. सध्या घरी आहे आणि छोट्या बोटी बाळगणाऱ्यांना हेच काम शिकवते. सर माझे सगळ्यात वयस्कर विद्यार्थी आणि सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे.

त्या दिवशी आम्ही दुरुस्ती झालेली बोट देवगडहून मालवणला आणत होतो. सर, त्यांच्या पत्नी लुझीबाय आणि मी. सरांच्या दृष्टीनं ही परीक्षा होती. त्यांची मुलगी आयरीन मडगावला असते. तिनं वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, रेश्मा (म्हणजे मी) हो म्हणाली तरच तुम्ही दोघं एकटे समुद्रात जायचं. म्हणून सरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "तू फक्त बसायचा. बोट मी चालवतलंय."

आणि ते चालवतही छान होते. टॅबवर समुद्राचा चार्ट, त्यावर आमच्या बोटीचा ठिपका, मागे आलेल्या वाटेची लाल रेघ. अशा चार्टवर पाण्याची खोली आणि बुडालेले खडकही दाखवलेले असतात. कुणकेश्वरचं देऊळ मागे गेलं तेव्हा लुझीबायनी हात जोडले, मग सवयीनं क्रूसही केला. पुढे मिठबावसमोर डॉल्फिन भेटले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी माझं काम सोडून दिलं.

माझं काम म्हणजे दर अर्ध्या तासानं कागदी चार्टवर आपली जागा पेन्सिलीनं मांडणं. टॅब असला तरी. शेवटची खूण मी अकरा वाजता केली होती. त्यानंतर मोबाइलवर डॉल्फिनचे व्हिडिओ काढत बसले. तेही इतके की मोबाइलची बॅटरी संपली, आणि टॅबच्या चार्जरची पिन माझ्या मोबाइलला लागत नव्हती. सरांचा फोन बटणांचा. म्हणजे जीपीएसचं आमच्याकडचं एकच यंत्र होतं आणि ते तापून बंद पडलं होतं.

आता हे तापण्याचं. मार्चचं डोक्यावरचं ऊन, काळं कव्हर, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला आणि वर चार्जिंग चालू. टॅबनं अजून काय करावं? बर्फात ठेवला तर आत दमट होऊन कायमचा जातो. सावलीत ठेवून वाट बघायची, एवढाच उपाय. लुझीबायनी ओढणी भिजवून घट्ट पिळली आणि टॅब होता तिथेच त्याच्यावर घातली.

"कंपासवर चालवा सर," मी म्हणाले. "कोर्स एकशे पासष्ट."

कोर्स म्हणजे बोटीचं नाक कोणत्या दिशेला ठेवायचं, तो आकडा. सरांनी समोरच्या कंपासची तबकडी एकशे पासष्टवर आणली आणि सुकाणूचा दांडा तिथे धरून ठेवला. हात एकदम स्थिर. मी मनातल्या मनात त्यांना पास केलं.

वीसेक मिनिटं गेली. वायव्येचा वारा वाढला होता, बोट चांगली पळत होती. पण मला काहीतरी खटकत होतं. सकाळपासून वारा माझ्या उजव्या खांद्यावर लागत होता. आता तो सरळ मानेवर येत होता. मोठं शीड मधूनच सैल पडून फडफडत होतं.

"वारो फिरलो," सर म्हणाले.

फिरूही शकतो. तरी मी पिशवीतून माझा हातातला कंपास काढला. जहाजावरच्या दिवसांपासून माझ्याबरोबर आहे, दोनदा पडलाय, काचेला चरा आहे. बोटीच्या मागच्या टोकाला उभी राहिले आणि तो नाकाच्या रेषेत धरला. एकशे पंचेचाळीस.

पुन्हा धरला. एकशे पंचेचाळीस.

"सर, तुमचा आकडा सांगा."

"एकशे पासष्ट."

वीस अंशांचा फरक. माझा कंपास बरोबर असेल, तर आम्ही वीस मिनिटं डावीकडे झुकत चाललो होतो. दक्षिणेला जाताना डावीकडे किनारा असतो. आणि मालवणच्या उत्तरेला किनाऱ्यालगत खडपं आहेत. खडपं म्हणजे पाण्याखालचे खडक. भरतीला त्यांच्यावर पाणी इतकं शांत असतं की कुणाला शंका येऊ नये.

"तुझो कंपास जुनो झालो," सर म्हणाले. आवाज मात्र थोडा उतरला होता.

"असेल. पण आपण आधी बाहेर जाऊ."

आमच्या धंद्यात शंका आली की आधी खोल पाण्याकडे वळतात, वाद नंतर घालतात. पण कुठल्या कंपासवर वळायचं हाच प्रश्न होता. मी म्हणाले, "सर, कंपास बघू नका. वारा उजव्या कानावर येईपर्यंत वळवा." सरांनी दांडा ढकलला. शीड भरलं, बोट कलली, खालचे डबे घरंगळले. धुरकट पट्टा आमच्या पाठीमागे गेला. मला घाम फुटला होता. पण मी परीक्षक म्हणून बसले होते, तो कुणाला दिसू द्यायचा नव्हता.

सर गणिताचं बोलतात तेव्हा मालवणी सोडून शाळेतल्या मराठीत येतात. ते म्हणाले, "रेश्मा, दोन साधनं दोन उत्तरं देत आहेत. आता तिसरं साधन पाहिजे."

तिसरं साधन सुचायच्या आत लुझीबाय उठल्या. बोट कलल्यामुळे ओढणी घसरून टॅब पुन्हा उन्हात आला होता. "ह्येका मी खाली सावळेत नेतंय," असं म्हणून त्यांनी टॅब स्टँडवरून ओढला. खट् आवाज झाला. तो ओढायला त्यांना जरा जोर लावावा लागला.

बोटीचं नाक जागचं हललं नाही, पण कंपासची तबकडी सरकन फिरली.

"गो रेश्मा," लुझीबाय म्हणाल्या, "ह्या आपणच कित्याक फिरला?"

मी टॅब त्यांच्याकडून घेतला आणि स्टँडला लावला. तबकडी पुन्हा सरकली. काढला, ती परत आली. मग सरांनी पाना आणून ते स्टँडच उखडलं. आता सरांचा कंपास आणि माझा पडलेला, चरा गेलेला कंपास एकच आकडा दाखवत होते.

झालं होतं असं. आयरीननं वडिलांसाठी कुरिअरनं नवीन स्टँड पाठवलं होतं. ते आदल्या संध्याकाळी देवगडला मिळालं. त्यात चार लोहचुंबक, टॅबच्या कव्हरमध्येही लोहचुंबक, म्हणजे बोट हलली तरी टॅब पडणार नाही. सरांनी ते सकाळी कंपासपासून वीतभर अंतरावर चिकटवलं, कारण दोन्ही एका नजरेत दिसावीत. विचार चांगला होता. पण कंपास हाही लोहचुंबकच. शेजारी दुसरा आला की तो खोटं सांगायला लागतो. टॅब चालू होता तोवर कंपासकडे कुणी बघितलंच नाही, त्यामुळे खोटं उघड झालं नाही.

आणि मी? मी ते स्टँड सकाळी बघितलं होतं. जहाजावर कुणी कंपासजवळ साधा रेडिओ ठेवला तर मी ओरडायचे. इथे म्हणाले, "छान बसलंय सर." त्यांनी स्वतः मोजून, पट्टीनं रेघ मारून बसवलं होतं. त्यांच्या कामावर बोट ठेवणं मला सुचलंही नाही.

थोड्या वेळानं टॅब खाली केबिनमध्ये शुद्धीवर आला. लाल रेघ साडेबाराला तुटलेली होती. सरांनी कागदी चार्ट मांडीवर घेतला. "समजा वेग ताशी पाच मैल, वेळ पंचवीस मिनिटं, दिशा एकशे पंचेचाळीस," असं पुटपुटत, तुटल्या जागेपासून पेन्सिलीनं आमची वाट काढली आणि आम्ही वळलो तिथून ती तशीच पुढे वाढवली. ती रेघ खडकांच्या खुणांमधून गेली. सरांनी अंतर मोजलं, भागाकार केला.

"वळलो नसतो तर आणखी दहा मिनिटं," ते म्हणाले. मग पेन्सिल ठेवून बराच वेळ लुझीबायकडे बघत राहिले.

"माका काय बघतंस? म्होरे बघ," त्या म्हणाल्या.

पुढे सगळं सरळ झालं. बाहेरून मोठा वळसा घेऊन, सिंधुदुर्ग किल्ला दिसल्यावर त्याच्यावरून जागा पक्की करून, आम्ही तीनच्या सुमारास मालवणला नांगर टाकला. सरांनी लॉगबुक काढलं. बोटीवर दिवसभरात काय घडलं ते लिहायची वही. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: स्टँड कंपासजवळ बसवल्याने वीस अंशांची चूक. जबाबदार, अंतोन फर्नांडिस. वही मागून घेऊन मी खाली लिहिलं: तपासलं नाही, अकरानंतर नोंद केली नाही. जबाबदार, रेश्मा. त्यांनी ते वाचलं आणि मान हलवली. खोडायला सांगितलं नाही.

संध्याकाळी आयरीनचा फोन आला. "पप्पा-मम्मी एकटे जाऊ शकतील?"

"अजून नाही," मी म्हणाले. "आणि मीही अजून थोडं शिकते."

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले. लोहचुंबकाचं स्टँड परत पाठवून त्यांनी लाकडाचं केलं होतं, कंपासपासून चांगलं हातभर लांब. लुझीबायनी टॅबसाठी पांढऱ्या कापडाची टोपी शिवली होती. बंदरात आम्ही बोट एकेका दिशेला धरून कंपास तपासला. सर आकडे सांगत होते, लुझीबाय लिहीत होत्या आणि त्यांचा सात एकासारखा दिसतो म्हणून दोघं भांडत होते.

महिन्याभरानं मी हो म्हणाले. ते दोघं आचऱ्याला जाऊन आले. मी धक्क्यावर उभी होते. जेवायला घरी जाणार होते, पण गेले नाही.

टॅब उत्तम साधन आहे. मी तो सगळ्यांना घ्यायला सांगते आणि सोबत सावली, कागद, पेन्सिल ठेवायला सांगते. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. मी जे शिकले ते वेगळं. अनोळखी माणसाची बोट तपासायला मला अर्धा तास पुरतो. सरांच्या बोटीला मी आता पूर्ण तास देते.