रोज सकाळी बुडणारी होडी

माझा मामा चष्मे बनवतो, पण बोलतो होडीबद्दलच. होडी छोटीशी, धक्क्याला बांधलेली, बस बदलून जावं लागेल इतकी लांब. म्हणून त्याने तिच्या तळाशी सेन्सर बसवला. आत पाणी साचलं की मोबाईलवर निरोप. प्रोग्राम त्याचा स्वतःचा, दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून लिहिलेला. "हलू नका हं... हां, चालला! नाही हो, चष्मा नाही, प्रोग्राम."

तेव्हापासून होडी रोज सकाळी बुडू लागली. मोबाईल ओरडायचा, मामा शर्टाची बटणं लावत बस गाठायचा आणि तिथे होडी खडखडीत कोरडी! परत यायचा तो भूत बघितल्यासारखा.

"थांब, थांब, थांब. सेन्सर खोटं बोलत नाही."

"मग काय होडी बोलते?" मामी म्हणायची.

शेवटी तिने निकाल लावला. "अहो, आता पुन्हा उगाच धावलात, तर ती होडी दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकायची. कधीचे मागे लागलेत."

रविवारी डॉक्टर उत्तर ऐकायला येणार होते आणि सकाळीच मोबाईल किंचाळला. मामा उठला, बसला, पुन्हा उठला. मग क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं वाचत सुटला, "तळाला पाणी... अर्धी भरली... अगं, काठोकाठ!" थोड्या वेळाने आवाज एकदम चिरकला. "अर्धी? कोरडी? कोणी उपसली?"

मामी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "काय उपसलं? माझी आंघोळ झाली."

मामा न्हाणीघरात घुसला. बादलीत एक तार सोडलेली होती. आधी सरावासाठी टांगलेला दुसरा सेन्सर! प्रोग्राम तोच, जसाच्या तसा उतरवलेला, नावासकट. नाव, 'होडी'.

"हे होय? मला वाटलं, पाणी वाचवायचं तुमचं नवीन खूळ." मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे निरोप बादली पाठवत होती? मग होडीवरचा काय म्हणतोय?"

मामाने बादलीतली तार काढली. मोबाईल गप्प. होडीवरून 'कोरडी' एवढाही निरोप नाही.

"तो बहुतेक... कधी बोललाच नाही."

"म्हणजे ती आत्ता बुडत असली तरी आपल्याला कळणार नाही?"

"नाही."

"मग बघताय काय? पळा!"

जिन्यातून मामाचा आवाज आला, "अगं, पण हे धावणं धरायचं की नाही?"

"पळा म्हणते ना!"

डॉक्टर आले तेव्हा मामी ओल्या केसांनीच खिडकीत उभी होती. ते बसले, पाणी प्याले, काय चाललंय ते त्यांना कळेना. मग मामाचा फोन आला. होडी तरंगत होती. सेन्सरला बॅटरीच जोडलेली नव्हती.

"बरं," डॉक्टर खाकरले, "मग होडीचं काय ठरलं?"

"द्यायची नाही."

"पण ताई, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते," मामी म्हणाली. "तेव्हा ती बुडेल असं मला कधी वाटलंच नव्हतं."