आप्पासाहेबांची पाटी

रूपाली साळवे गारखेड्यातल्या दोन खोल्यांत वाढली. २०१६च्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, मधल्या दिवशी टँकर. तिची आई मालनबाई टँकरखाली कधी पिंप लावायची नाही. दोन कळश्या घेऊन पळायची. शेजारणीचं पिंप घसटत दारात पोचेपर्यंत हिच्या सहा फेऱ्या व्हायच्या. रूपालीनं कॉलेजच्या रोबोट स्पर्धेसाठी तोच हिशेब मांडला.

दोन मिनिटांत रोबोटनं चेंडू टोपल्यांत टाकायचे. उंच टोपलीला तीन गुण, खालच्या टोपलीला एक.

“सर, वर एक टाकायला पंधरा सेकंद लागतात,” ती संघाचे मार्गदर्शक श्रीनिवास सरांना म्हणाली. “तेवढ्यात खाली पाच पडतात. उंच हात नकोच. बुटका करू.”

“बुटका फोटोत दिसतो का?” संघाचा कप्तान केयूर हसला.

संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब पाहणीला आले, “वर टाका” एवढंच म्हणाले आणि चहा पिऊन गेले. झालं, उंच हात बसला. तो पुढं कलंडू नये म्हणून रूपालीनं मागं अर्ध्या-अर्ध्या किलोचे दोन लोखंडी ठोकळे लावले. वजन बरोबर पंधरा किलो. त्याच्यावर गेलं की रोबोट बाद. जिंकणाऱ्यांना वाळूजच्या कारखान्यात उन्हाळ्याचं काम मिळणार होतं. तिला ते हवंच होतं.

स्पर्धेच्या सकाळी सरांनी औरंगपुऱ्यातून करून घेतलेली स्टीलची पाटी आणली. आप्पासाहेबांचं नाव, पदव्या, हात जोडलेला फोटो. वजन एक किलो.

“सर, कागदावर छापून चिकटवू.”

“कागदावर साहेब? माझी नोकरी अजून कच्ची आहे, रूपाली. ते ठोकळे काढ.”

“पडंल सर.”

“नाय पडत. नारळ फोडलाय.”

तिनं ठोकळे काढले आणि पाटी पुढं लावली. बाहेर पाहुण्यांच्या बुटांवर धूळ बसू नये म्हणून मैदानावर अख्खा टँकर ओतत होते.

फेरी सुरू झाली. रोबोटचा हात पुरता वर गेला आणि तो तोंडावर आपटला. सर धावले, ते पाटी पुसायला. परीक्षक म्हणून आलेले कारखान्याचे साहेब वाकून मागची ठोकळ्यांची रिकामी भोकं बघत होते.

“इथलं वजन कुणी काढलं?”

“हिनं,” सर म्हणाले. केयूर मोबाइल बघत राहिला.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या संघाकडे गेले.

रूपालीनं पाटीचे चार स्क्रू काढले आणि पाटी सरांच्या हातात दिली. सरांनी ती रुमालात गुंडाळली.

“ओरखडा नाय आला. पुढच्या वर्षी कामाला येईल.”

“पुढच्या वर्षी मैदानात नुसती पाटीच पळवा, सर,” रूपाली म्हणाली, आणि आपले ठोकळे पिशवीत टाकून निघाली.