सुकाणूवर लंकाबाई

गोरक्षनाना मनमाडला रेल्वेत सुतार होते. निवृत्त झाल्यावर ते बायकोला, लंकाबाईंना घेऊन नाशकात गंगापूर रोडला मुलाच्या नव्या घरी राहायला आले. ते अठ्ठ्याहत्तर साल. महिनाभरात त्यांनी अंगणात फळ्या आणून टाकल्या. लंकाबाईंना वाटलं, दिवाण होणार. मग फळ्यांना बाक यायला लागला, तेव्हा त्यांना वाटलं, पाळणाच होणार, आणि त्यांनी सुनेकडे मोठ्या आशेने पाहिलं. पण पाळण्याला पुढून टोक आलं.

"अहो, हे काय हाय?"

"होडी."

"कुणाची?"

"आपली. शिडाची. गंगापूर धरणात फिरायचं आपण. दोघांनी."

तरुणपणी नाना रेल्वेच्या कामानिमित्त मुंबईत माझगावला राहिले होते. संध्याकाळी ते होड्या बांधणाऱ्यांजवळ जाऊन बसायचे, आणि ते वेड त्यांनी आयुष्यभर कुणाला न सांगता जपलं होतं. लंकाबाई म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना. मी पाळण्याला दुपटी शिवून ठेवली."

दुपटी कपाटात गेली आणि शिलाई मशीनवर शीड आलं. मांजरपाटाचे पट्टे जोडता जोडता ते खोलीभर पसरलं, दारातून ओटीवर गेलं, ओटीवरून पायरीवर. सून स्वयंपाकघरात जाताना शिडाखालून वाकून जायची. कापड कुजू नये म्हणून नानांनी ते गेरूत बुडवलं आणि वाळत घातलं, तर गल्लीतल्या लोकांना वाटलं, यांच्याकडे लग्नाचा मांडव पडतोय.

डिसेंबरात धरणावर जायची रीतसर परवानगी मिळाली. लंकाबाईंचा भाऊ बहिरू दिंडोरीहून ट्रॅक्टर घेऊन आला. द्राक्षाच्या पेट्या वाहणाऱ्या ट्रॉलीत होडी चढली, आणि मग सामान चढायला लागलं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांद्यांची पिशवी, बेसन, गूळ, लिंबं, वातीचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पिण्याच्या पाण्याच्या कळश्या. सगळ्यात शेवटी पाटा आणि वरवंटा.

"आक्का," बहिरू म्हणाला, "चार दिवसांला चाललीस का चातुर्मासाला?"

"ठेचा ताजाच पायजे. दाजींना तुझ्या शिळा चालत नाय."

नाना कपाळावर हात मारून म्हणाले, "बुडू आपण या पाट्यानं." पण बायको हटेना, तेव्हा त्यांनी तोड काढली. नांगर लागणारच होता, तर पाट्यालाच दोर बांधायचा. ठेचा वाटून झाला की पाटा पाण्यात सोडायचा.

होडी पाण्यात उतरली आणि पहिल्या दिवशी चांगलीच गळली. लंकाबाईंनी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याने पाणी उपसलं, नानांनी काठावर होडी कलती करून फटींत डांबर भरलं. दुसऱ्या दिवशी ती हवी तशी चालली. सकाळी दोर उन्हात टाकायचे, तळ पुसायचा, शिडाला कुठे उसवलं असेल तर दाभणाने टाके घालायचे. लंकाबाई काठाच्या वाळूने भांडी घासायच्या तेव्हा बारके मासे येऊन त्यांच्या बोटांना लुचायचे, आणि त्या एकट्याच खिदळत बसायच्या.

आणि पाखरं! नानांकडे एका गार्डाने दिलेली जुनी दुर्बीण होती. पंख पसरून उन्हात बसलेला पाणकावळा दिसला की लंकाबाई म्हणायच्या, "मामंजी बघा, धोतर वाळवतायत." टिबुकली पाण्यावर दिसते न दिसते तोच बुडी मारून गडप व्हायची. तिचं नाव त्यांनी भागीबाई ठेवलं, कारण कॉलनीतल्या भागीबाई उसनी साखर परत मागायला गेलं की अशाच दिसेनाशा व्हायच्या. नाना हसून हसून दुर्बीण हलवायचे, आणि पाखरू काही दिसायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते धरणातल्या एका टेकाडापाशी आले. पाणी उतरलं की ते बेटासारखं वर यायचं. पलीकडच्या काठावर केशरी रंगाची दोन मोठी बदकं बसली होती.

"चक्रवाक!" नाना ओरडले. त्यांनी पाटा पाण्यात टाकला आणि शीड न उतरवताच टेकाडावर उडी मारली. मागून लंकाबाईही उतरल्या. दोघं टेकाडावर पालथे पडून दुर्बिणीची ओढाओढ करत राहिले. लहानपणापासून जात्यावरच्या गाण्यात ऐकलेलं पाखरू लंकाबाईंनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. "अगं बाई, किती देखणं हाय!" त्या म्हणाल्या आणि सहज मागे वळल्या.

होडी चालली होती. एकटीच. गुळगुळीत पाटा दोरातून सटकून तळाला गेला होता, शिडात वारा भरला होता आणि पुढच्या टोकावर एक पाणकावळा ऐटीत बसला होता.

नानांना पोहता येत नव्हतं. जन्म रेल्वेच्या रुळांजवळ काढलेला माणूस. ते नुसतेच काठावर इकडून तिकडे पळायला लागले. "दशम्या गेल्या! स्टोव्ह गेला! होडी गेली!"

लंकाबाईंचं माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठचं. त्यांच्या वडिलांची नदीच्या वाळूत खरबुजाची वाडी होती. पाणी अचानक वाढलं की वाहून चाललेली खरबुजं लेकी पोहत जाऊन धरून आणायच्या. लंकाबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, आणि नाना "अगं, अगं" म्हणेपर्यंत त्या पाण्यात होत्या.

पाणी असं गार की श्वासच अडला. मग हात आपोआप चालायला लागले. वारा जरा पडला, होडी रेंगाळली, आणि लंकाबाईंनी मागची फळी धरली. त्या वर चढताना होडी कलंडली, बेसनाचा डबा उपडा झाला आणि पाणकावळा नाइलाजाने उडाला. बसतात न बसतात तोच वारा पुन्हा भरला आणि होडी सुसाट सुटली.

"सुकाणू उजवीकडं ओढ!" बेटावरून नाना ओरडले.

"माझी उजवी का तुमची?"

नाना स्वतःचे हात बघून विचारात पडले. तोवर लंकाबाईंनी सुकाणू जमेल तसं ढकललं. शीड फडफडलं, खालचा बांबू सणसणत डोक्यावरून गेला, त्या वाकल्या, शीड दुसऱ्या बाजूला फुगलं आणि होडी गर्रकन वळली. अंगभर बेसन, मोकळे ओले केस, आणि त्यांच्या तोंडून मोठ्याने "हुर्र्र्र!" निघालं.

सावरगावच्या काठावर बायका धुणं धूत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "कोण गं तू?"

"लंका!"

"लंका पाण्यातच असती!" एक जण ओरडली आणि सगळा काठ हसला.

परत येताना होडी बेटाशी पोचली. नाना दोर झेलायला हात पसरून कमरेइतक्या पाण्यात उभे होते. लंकाबाई त्यांच्या अगदी जवळून गेल्या, पण थांबल्या नाहीत.

"कुठं चाललीस?"

"येते एक चक्कर मारून!"

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा थांबल्या, म्हणजे होडी चिखलात घुसवली. नाना आत चढले. रागवायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण बायकोच्या पिवळ्या झालेल्या भुवया बघून त्यांना हसू फुटलं. मग दोघंही हसत बसले, थांबायचं कसं ते कळेना.

"शीड तुम्ही सांभाळा," शेवटी लंकाबाई म्हणाल्या, "सुकाणू माझं. आणि पिठलंबी आजपासून तुमच्याकडं."

नानांनी डब्याच्या तळाला उरलेल्या बेसनाचं पिठलं केलं. त्यात गाठी झाल्या. लंकाबाईंनी त्या आवडीने खाल्ल्या.

पुढे दर हिवाळ्यात ते दोघं धरणावर जायचे. बहिरू एकदा बरोबर आला आणि पहिल्याच वळणाला होडीच्या तळाशी झोपून म्हणाला, "आक्का, मला जमिनीवर सोड, ट्रॅक्टरची आण." शहाऐंशीत तळाच्या फळ्या कुजल्या. मुलाला वाटलं, आता हे दोघं घरी बसतील. पण लंकाबाईंनी नानांना दुसरी होडी बांधायला लावली, आधीपेक्षा हातभर लांब.

त्या नव्या होडीतून एका सकाळी त्यांना डोक्यावरून रांगेने जाणारे रानहंस दिसले, एकमेकांना हाका घालत चाललेले. लंकाबाई उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर करून त्यांनीही हाका घातल्या. सुकाणू सुटलं. होडी पाण्यावर गोल गोल फिरायला लागली, आणि नाना ओरडत राहिले, "अगं धर, धर!" लंकाबाईंनी काही लवकर धरलं नाही.