कुठली गाडी घ्यावी

छोटी गाडी घ्यायची ठरल्यापासून माझं डोकं चालेनासं झालं. आठ दिवसांत मी आणि माझी बायको सुनंदा तीन शोरूम फिरलो. एका गाडीचं मायलेज चांगलं, पण पत्रा पातळ. दुसरी दिसायला देखणी, पण तिचे पार्ट लवकर मिळत नाहीत म्हणे. तिसरीची वॉरंटी सात वर्षांची, तर मेव्हणा सांगतो की ती पुढे विकली जात नाही. जितकं ऐकावं तितका गोंधळ वाढत होता.

काल तिसऱ्या शोरूममध्ये पुन्हा गेलो. तिथं काठी घेतलेल्या एक आजी एका गाडीत बसून बघत होत्या. त्या उतरल्या, पुन्हा बसल्या. सेल्समन इंजिनाबद्दल बोलत होता आणि दार धरून उभ्या असलेल्या आजोबांचं लक्ष आजींच्या गुडघ्यांकडे होतं.

"तुम्ही कसं ठरवता हो?" मी न राहवून विचारलं.

"हिला माझ्या हाताशिवाय उतरता आलं की तीच घ्यायची," ते म्हणाले. "बाकीचं मला कळत नाही."

मला त्यांचा हेवा वाटला. बाहेर आल्यावर मी सुनंदाला विचारलं, "तुला कुठली आवडली?"

ती म्हणाली, "जी मला शिकायला सोपी जाईल ती. पण मला चालवायचीय का, हे तुम्ही विचारलंच नाहीत."

बावीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही रिक्षाची वाट पाहत उभे राहिलो. समोरून गाड्या जात होत्या, आणि मी पहिल्यांदाच त्या चालवणाऱ्यांचे चेहरे बघत होतो.