पाच तारांचा मिस्तरी

"पयलीं आयक," तो म्हणायचा आणि कान लावायचा.

कशालाही लावायचा. नळाला, झाडाच्या बुंध्याला, चुलीवरच्या भाताच्या टोपाला. त्याच्या हातात लांब लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. तानशाचं पाणी मुंबईला नेणारा तो नळ, माणूस आत उभा चालेल एवढा. आत पाण्याची घोंघों. त्यातून हा सांगायचा, "हांगा न्हय. फुडें. वीस पावलां." आम्ही बिगारी वीस पावलं मोजून खणायचो, आणि तिथंच सांधा गळत असायचा.

गोव्याचा माणूस. नळाच्या गँगवर मिस्तरी होता. सांध्यात शिसं ठोकून गळती बंद करायची, हे त्याचं काम. त्याच्या खोपटात खुंटीला एक गिटार टांगलेलं होतं.

हे लिहायचं कारण सांगतो. परवा माझा नातू आणि त्याचे नोकरीवाले मित्र आमच्या पडवीत बसून भांडत होते. समोर बसून ऐकलेला सगळ्यात भारी गिटारवाला कोणता? एक म्हणतो कल्याणला पाहिला, दुसरा म्हणतो ठाण्याला, तिसरा मोबाइल काढून दाखवतो. मी म्हटलं, मी सांगू का. तर नातू हसला. "आजोबा, तुमच्या टाइमाला गिटार कुठं होतं? तुमचं ते भजन." मला असा राग आला की हातातली पानाची चंची खाली ठेवली. शाळा माझी चौथीत सुटली, तरी वही घेऊन बसलोय. तुम्हीही पुष्कळ वाजवणारे पाहिले असतील. त्यांच्या शेजारी याला बसवून बघा.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं तिथं गिटारची तार कुठून मिळणार? सहातली एक तार तुटली ती तुटलीच. मी एकदा म्हटलं, "मिस्तरी, तुझं वाद्य लंगडं झालं." तो म्हणाला, "पांच पुरो." आणि त्या पाचांवरच वाजवत राहिला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, नळाच्या सावलीत, पाय लांब करून. वाजवायच्या आधी गिटारच्या पोटाला गाल लावायचा. माझ्या गँगमधले बिगारी हातातली भाकरी तशीच धरून बसायचे. मी नाही बसायचो. मी आमच्या शेणवे गावच्या भजनात मृदंग वाजवायचो, पंचक्रोशीत माझ्या हाताला नाव होतं. त्याला ऐकवावं म्हणून एकदा मृदंग गँगवर आणला आणि दणकून वाजवला. सगळे वा वा म्हणाले. हा शेवटपर्यंत डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "बरें वाजयता तूं. पूण आयकना."

वाजवतोस चांगलं, पण ऐकत नाहीस. हे मला, आठ बिगाऱ्यांच्या समोर. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही, हा आणखी राग.

नळाच्या कडेचं गवत कापायला बायका असायच्या. त्यांत आमच्या शेणव्याची एक म्हातारी होती, धवलारीण. आमच्याकडे लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून अंतरपाटापर्यंत प्रत्येक विधीला धवला गातात, तो गाणारी ती. तिच्यावाचून लग्न लागत नसे. पण आता तिचा दम गेला होता. एक ओळ झाली की थांबायची, छाती धरायची, मग दुसरी ओळ. लोक कुजबुजायला लागले होते की आता मुरबाडची एक तरुण बाई आहे, तिला बोलवा.

म्हातारी गवत कापताना धवला गुणगुणायची. एका दुपारी मिस्तरीने सळई खाली ठेवली आणि गिटार घेतलं. वाजवलं मात्र नाही. नुसता बसून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने पाचही खुंट्या पिळून तारा तिच्या आवाजाएवढ्या खाली आणल्या. मग तिची ओळ संपून दम तुटला की तेवढ्या जागेत तो एक तार छेडायचा, दोन छेडायचा, आणि तिचा श्वास परत आला की हात उचलून घ्यायचा. गाण्याला खंड पडेना. तिच्या ओळीवर त्याने कधी बोट ठेवलं नाही. फक्त तिच्या दमाची जागा भरायचा.

म्हातारी विळा टाकून उठली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "हा बाप्या माझ्या मागून येतो, पुढं घुसत नाय. माझा घरवाला चाळीस वर्षांत येवढं शिकला नाय."

त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. वडील वारलेले, मी घरचा कर्ता. सोयरे मुरबाडकडचे, मोठे मानी. धवल्याचं सांगायला म्हातारीकडे गेलो तर ती म्हणाली, "गाईन. पन मिस्तरी माझ्या डाव्या हाताला बसला पायजे."

"आये, तो किरिस्ताव हाय."

"मग? तार पन किरिस्ताव हाय काय?"

गवत कापणाऱ्या बायका हसल्या. मी चिडून म्हटलं, "बसंल. माझा शब्द." मग मिस्तरीकडे जाऊन त्याला स्वतः आमंत्रण दिलं. तो एवढा खूष झाला की काय सांगू. दोन आठवडे रोज दुपारी म्हातारीबरोबर बसायचा. तिला अर्थ विचारत नसे, तिचा दम कुठं कुठं तुटतो एवढंच बघत असे. लग्नाला येताना धुतलेला पांढरा सदरा घालून, गिटार धोतराच्या फडक्यात गुंडाळून, पायी आला. तानशाहून शेणव्याला.

मांडवात म्हातारीच्या डाव्या हाताला घोंगडीवर बसला. गिटारच्या पोटाला गाल लावला. तेवढ्यात मुरबाडचं वऱ्हाड आलं. नवऱ्याचा मामा पुढं. त्याने मिस्तरीच्या गळ्यातला क्रूस बघितला आणि मांडवाच्या तोंडाशीच थांबला.

"यो कोन?"

त्याने क्रूसाकडे बोट दाखवलं.

"मांडवात किरिस्ताव बसवलाय? आमी आत येत नाय. बैल सोडले नायत अजून, असेच मागं फिरू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारी पण. आणि मी काय केलं ते लिहितो. मी पुढं झालो आणि मामाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "काय रे मिस्तरी, तुला कोनी बोलावला? आत कसा शिरलास? चल, भायेर हो."

त्याने मान एका बाजूला कलती करून माझ्याकडे बघितलं, नळाला सळई लावल्यावर बघायचा तसं. मग म्हणाला, "आयकलें."

गिटार उचललं आणि गेला.

लोक मला नंतर म्हणाले, तू तरी काय करणार, बहिणीचं लग्न मोडलं असतं. खोटं. चुलीवर भात शिजत आला होता, वऱ्हाड पहाटेपासून उपाशी. त्या मामाचं पोट गाडीतच वाजत होतं. तो कुठं मागं फिरतो? मला तेव्हाही हे कळत होतं. "हा माझा पाव्हणा हाय, मी बोलावलाय," एवढंच बोलायचं होतं. तोंडातून निघालं नाही, कारण आठ बिगाऱ्यांसमोर त्याने मला जे म्हटलं होतं ते माझ्या पोटात होतंच. संधी मिळाली तशी ओकलो. एवढा मोठा मी.

नवरा-नवरी समोर उभी राहिली. म्हातारीने धवला सुरू केला. पहिली ओळ झाली, आणि दम तुटला. तिने छाती धरली. मुरबाडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एकीने तोंडाला पदर लावला. म्हातारीची मान खाली गेली.

आणि मांडवाच्या मागून, पेंढ्याच्या उडवीच्या बाजूने, तार वाजली.

एकच. मग दुसरी. अगदी हलकी, वाऱ्याने पान हलावं एवढी. म्हातारीने मान वर केली, श्वास घेतला आणि दुसरी ओळ उचलली. ओळ संपली की परत तार. तो तिला बघू शकत नव्हता, ती त्याला बघू शकत नव्हती. मधे मांडवाची कुडाची भिंत होती. तरी एकाही ठिकाणी खंड पडला नाही, एकाही ठिकाणी तिच्या ओळीवर तार आली नाही. अर्धा तास. मी जन्मभर वाद्यं ऐकली, मृदंग वाजवला, तमाशे बघितले. असं वाजवणं परत ऐकलं नाही.

मामाला तार कळलीच नाही. त्याला वाटलं बाईचाच गळा. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेनव्याच्या धवलारणीचा दम बघा. या वयात." तेव्हा तरी सांगायचं ना. मी मान डोलावली.

जेवणं झाल्यावर मिस्तरीला ताट न्यायला एका बाईला पाठवलं. ती भरलेलं ताट तसंच परत घेऊन आली. उडवीपाशी कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी कामावर गेलो. मला वाटलं शिव्या देईल. मी उत्तरं तयार करून गेलो होतो, सगळी तिखट. तो सळई पुसत होता. म्हणाला, "लग्न बरें जालें?" मी म्हटलं, "झालं." तो म्हणाला, "म्हातारी बरी गायली," आणि कान नळाला लावला. अरे, एक शिवी दिली असतीस तर माझं काय ते फिटलं असतं. तेवढंसुद्धा दिलं नाही माणसाने.

पावसाळ्याआधी त्याची दुसरीकडे बदली झाली. मी सुट्टीवर होतो. परत आलो तेव्हा खोपटातली खुंटी रिकामी. त्याच्या जागी आलेल्या मिस्तरीला सळई कानाला कुठून लावायची तेच माहीत नव्हतं. आम्ही दहा दहा खड्डे खणायचो, आणि पाणी अकराव्या जागी.

पुढच्या वर्षी माझं लग्न. म्हातारीकडे सुपारी घेऊन गेलो. ती दारातूनच म्हणाली, "ज्या मांडवातून त्याला उठवलास, त्या मांडवात मी बसत नाय." मुरबाडची ती तरुण बाई आजारी पडली. माझं लग्न धवल्याशिवाय लागलं. बायको मरेपर्यंत ते काढायची, आणि मी दर वेळी तिच्यावरच ओरडायचो.

नातवाला हे सगळं काल सांगितलं. तो आता हसत नव्हता. म्हणाला, "आजोबा, पण वाजवताना दिसत कसा होता? हात कसा चालायचा त्याचा, त्या धवल्याच्या वेळी?"

उडवी माझ्या पाठीमागे होती, वीस पावलांवर. मांडवाच्या कडेला मी उभा होतो, कूड छातीएवढाच होता. नुसती मान वळवली असती तरी दिसला असता. मी मामाकडे बघत उभा राहिलो.